खिशातला कांदा

ग्रीसमधल्या त्या बेटावर दुपारी सगळं पांढरं होऊन जातं. भिंती, पायऱ्या, समुद्रावरचा उजेडसुद्धा. ऑलिव्हच्या झाडाखालच्या बाकावर माझा नवरा सुधीर डोळे मिटून बसला होता. त्याच्या शर्टाचा खिसा फुगलेला होता. त्यात कांदा होता.

काल याच उन्हात मला भोवळ आली, तेव्हा टोपी, गोळ्या, साखर-मिठाचं पाणी, सगळं आमच्याजवळ होतं. तरी आज सकाळी हा बाजारातून कांदे घेऊन आला.

"अरे, हे काय अकोला आहे?" मी हसले.

"ऊन सगळीकडचं सारखंच," तो म्हणाला. "ऊन लागू नये म्हणून आई खिशात कांदा घालायची. त्याशिवाय बाहेर सोडायचीच नाही."

कांद्यानं ऊन अडत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण गोळ्या आपल्या आपण घेता येतात, कांदा मात्र कुणीतरी खिशात घालायचा असतो. इतक्या दूर, आपल्याला नावानं हाक मारणारं कुणी नसताना, सुधीर स्वतःच स्वतःची आई झाला होता, असं मला वाटत राहिलं.

लाटांचा आवाज पेंगुळल्यासारखा येत होता. मलाही डुलकी लागत होती. घसा कोरडा पडला म्हणून पाण्याच्या बाटलीसाठी मी माझ्या पिशवीत हात घातला. बाटलीच्या आधी हाताला काहीतरी गोल, गार लागलं.

कांदाच होता. त्याच्या खिशातल्यापेक्षा मोठा.