धाकट्याचा गुलाल

आमच्या साखर कारखान्यात एकाच कंपनीचे, एकाच घराण्याचे तीन कॉम्प्युटर आले. थोरला एका गिरणीतून वापरलेला आणला होता. त्याला दोन खोल्या लागायच्या आणि भोकं पाडलेली कार्डं भरवावी लागायची. दसऱ्याला चेअरमन जोतिबाचा गुलाल आणून मूठभर त्याच्या कपाटांवर उधळायचे. थोरल्याने कधी कुरकुर केली नाही. उसाची बिलं तो बिनचूक छापत राहिला.

मी त्याचा ऑपरेटर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. चेअरमनांच्या चिठ्ठीमुळे कोल्हापुरात बोर्डिंगात जागा मिळाली, पदवी झाली आणि ही नोकरीही त्यांच्याच शब्दावर. ती येत्या दसऱ्यानंतर लगेच कायम करू, असं ते म्हणाले होते.

त्याच वर्षी धाकटा, म्हणजे दुसरा कॉम्प्युटर, आला. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, घराणं एकच आहे, थोरल्याचे प्रोग्राम याच्यावर जसेच्या तसे चालतील. मात्र याची माहिती फिरत्या तबकड्यांवर असायची आणि ती वाचणारं टोक तबकडीवर केसाहून कमी अंतरावर तरंगायचं. "धुळीचा कण गेला तरी संपलं," त्याने मला बजावलं.

दसऱ्याला चेअरमन संचालकांसह आले. हातात गुलालाची परात. मी दारात उभा राहिलो.

"साहेब, ह्याला गुलाल चालत न्हाय."

"घराणं एकच हाय न्हवं? थोरल्याला चालला आन् धाकट्याला चालंना व्हय?"

संचालक हसले.

"आत तबकड्या फिरत्यात, साहेब. भायेर खोलीच्या काचेला लावू या."

"माझ्या चिठ्ठीवर बोर्डिंगात जेवलास आन् मलाच दारात आडवतोस? सर बाजूला."

मी सरलो. "चांगभलं!" झालं, परात रिकामी झाली.

दुपारी आतून पत्रा खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला. ऐन हंगामाच्या तोंडावर उसाच्या सगळ्या नोंदी गेल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने झाकण उघडलं. तबकडीवर चरे, चऱ्यांत गुलाबी रंग.

"हे आत कुणी येऊ दिलं?"

चेअरमन माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "सांग की."

"मी," मी म्हणालो.

"बघा," ते संचालकांकडे वळले, "शिकवलेलं पोर हे. मशिनात गुलाल घालतंय."

मी कायम होणार म्हणून माझे वडील पेढे घेऊन व्हरांड्यात बसले होते. चेअरमनांनी बाहेर येऊन त्यातला एक तोंडात टाकला. "काट्यावर घालतो पोराला," ते म्हणाले. "तिथं धूळ चालत्या."

पुढे उसाच्या गाड्यांची वजनं घेत उन्हात वर्षं गेली. तिसरा कॉम्प्युटर आला तेव्हा नारळ फोडायला मला काट्यावरून बोलावून घेतलं. या वेळी चेअरमन आत गेले नाहीत. त्यांनी बाहेर काचेला गुलालाचं बोट लावलं आणि नव्या ऑपरेटरला म्हणाले, "आत धूळ चालत नसती. पटत नसलं तर ह्याला इचार."

उरलेला गुलाल त्यांनी माझ्या कपाळाला फासला. मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बोर्डिंगातली जागा त्यांच्यामुळेच मिळाली होती. ते खोटं नव्हतं.