पापनाशमच्या फोटोत मी

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत एक विहीर आहे, तिन्हीसांजेला लोक तिथून जायला घाबरतात... मी मुद्दाम तिच्या कठड्याला टेकून शिट्टी वाजवतो!

आमच्या घरी सगळे मराठी बोलतात, पण देवनागरी एकालाही वाचता येत नाही. मी बँकेच्या बदलीवर तीन वर्षं सोलापुरात होतो, म्हणून शिकलो. तेव्हा इथे मोकळेपणाने लिहितो.

गेल्या वर्षी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी पोपटी रंगाची सायकल घेतली. बायकोने कौतुकाने आपल्या जुन्या रेशमी साडीचं, लाल काठाचं सीटकव्हर शिवून दिलं. रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये दोनदा गेलो, आणि मग त्या सायकलवर वेष्ट्या, म्हणजे इकडची धोतरं, वाळू लागल्या. शेवटी बायकोने जाहीर केलं, "या रविवारी पापनाशमला जाऊन या. नाही जमलं, तर सायकल तिरुवैयारुला माझ्या भावाला."

तिच्या भावाला! माझी पोपटी!

निघालो. पहाटे साडेपाचला आम्ही अकरा जण. अय्यमपेट्टैपर्यंत, म्हणजे साधारण निम्म्या वाटेवर, गुडघे बोलू लागले. ग्रुपच्या सुंदरला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." आणि समोरच्या हॉटेलात शिरलो. तुपाने थबथबलेलं पोंगल, दोन वडे, दोन कॉफ्या... सायकल डोळ्यांसमोर खांबाला टेकलेली. चांगले दोन तास बसलो आणि एकटाच परत आलो. दारात अशा धापा टाकल्या की शेजारीण पाणी घेऊन धावली.

बायको मात्र माझ्या पोटाकडे बघत होती. दोन दिवसांनी तिने विचारलंच, "ग्रुपचा फोटो कुठाय?"

"तिरुचीचा एक जण मोठा कॅमेरा घेऊन आला होता. त्याने कुठे टाकला, देव जाणे."

"देव कशाला, मी शोधते की अप्पा," आमची कॉलेजातली मालिनी म्हणाली. तिने सायकलचा फोटो काढला आणि फोनला विचारलं — असं दिसणारं आणखी काय आहे? मी देवघराकडे बघून हात जोडले. सापडू नये म्हणून!

आधी आला एक पोपट. मग परदेशातल्या हिरव्या हेल्मेटवाल्या आजीबाई. मालिनीने शोधात 'पापनाशम, ग्रुप राइड' एवढी भर घातली, आणि...

"अय्यो! अप्पा!"

पापनाशम स्टेशनची पाटी. पाटीखाली रांगेत अकरा जण. डावीकडून तिसरा — मी. छाती पुढे, पोट आत, हात पोपटी सायकलवर.

बायकोने फोन नाकाशी धरला. "कव्हर माझंच. काठ माझ्याच साडीचा. आणि हा शर्टावर तुपाचा डाग! पापनाशमला जाऊन आधी खायला बसलात ना?"

"अं... हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

गच्चीवर जाऊन सुंदरला फोन लावला. "त्या दिवशी मी किती वाजता पोचलो रे?"

"काय सार, चेष्टा करता? सगळ्यांच्या आधी! येताना माझं पंक्चर कोणी काढलं?"

मी जन्मात पंक्चर काढलेलं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. पण खोटं कशाला बोलू? भीती ओसरली आणि हेवा वाटायला लागला. मी हॉटेलात बसलेला, आणि माझं नाव काढतोय भलताच कोणी!

पुढच्या रविवारी बायकोने स्वतः चाकांत हवा भरून ठेवली. आता न जाऊन कसं चालेल? पुन्हा अकरा जण. अय्यमपेट्टैला मी मान सरळ ठेवून पुढे गेलो. पापनाशमला सगळ्यांच्या मागून पोचलो, स्टेशनच्या पायरीवर अंग टाकलं. दोन्ही बाजूंच्या शेतांवरून गार वारा येत होता. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

सुंदर चहा घेऊन आला. "काय सार, मागच्या वेळी सगळ्यांच्या पुढे होता. आज काय झालं?"

"मागच्या वेळी मी नव्हतोच," मी म्हणालो.

सगळे पोट धरून हसले.

तो फोटो मी शंभरदा मोठा करून पाहिलाय. माणूस मीच आहे. कसा, ते आजही मला कळलेलं नाही. सायकल मात्र माझ्याकडेच आहे, आणि तिच्यावर आता वेष्ट्या वाळत नाहीत.