कल्हई कोणाच्या आधी

ताईच्या लग्नात पहिली ओकारी नवरदेवाच्या आजीला आली. मग पोरांना, मग अर्ध्या पंगतीला. कढीला कसलीशी हिरवट चव होती, पण भुकेली माणसं ती पिऊन गेली होती. बाकीचे संध्याकाळपर्यंत सावरले. आजी सावरेना. तिला रिक्षात घालून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं.

पाहुणे सावनेरचे. ताई पांढऱ्या पातळात, बोचकं मांडीवर घेऊन निघायच्या तयारीत बसलेली. तिचे सासरे दारातूनच म्हणाले, "म्हातारी सुधरली तर सून नेऊ. नाही तर तुमची पोरगी तुमच्याजवळ. काय खाऊ घातलं गा आमाले?"

बाबांनी मान खाली घातली. धम्मदीक्षा घेतल्यापासून ही मान मी कोणापुढे झुकलेली पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं, कढी पितळेत कळकली. भांड्याला कल्हई नव्हती.

कल्हई म्हणजे कथील. इतका मऊ धातू की नखानं ओरखडा उठतो, साध्या निखाऱ्यावर वितळतो. पण आंबटाला दाद देत नाही. पितळ आणि ताक यांच्यामध्ये त्याचा पापुद्र्याएवढा थर असला की माणूस निर्धास्त जेवतो. आपल्या पणज्या-खापरपणज्या त्याच भरवशावर जेवल्या. तो थर विरला की ताक पितळ खातं, आणि आपण ते ताक पितो.

स्वयंपाकाचे गंज, म्हणजे मोठाली पितळी पातेली, आम्ही इतवारीतल्या एका भांडीवाल्याकडून भाड्यानं आणले होते. सगळी वस्ती तिथूनच आणते. आईनं आत हात फिरवून म्हटलंही होतं, "पिवळे पडले वं हे." त्याच दुकानाचे गंज मी कॉलेजच्या मैत्रिणीच्या लग्नात पाहिले होते. आतून चांदीसारखे!

दुसऱ्या दिवशी भांडी परत करायला बाबा निघाले. मीही निघाले, भांडायला. दुकानामागच्या अंगणात कल्हईवाल्याची भट्टी पेटलेलीच होती. आमचा पहिला गंज सायकलरिक्षातून उतरला तोच त्यानं ओढून घेतला. तापवला, नवसागर टाकला, पांढरा धूर नाकात गेला. मग कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा गरकन फिरवला. पिवळा तळ डोळ्यांदेखत लखलखला.

"आज काहून करून राहिले?" मी विचारलं.

"तुमच्या वस्तीतून आले का कराच लागते ना, बाई. आगीतून काढल्याबिगर दुसरे नेत नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. भांडं झिजलं म्हणून कल्हई होत नव्हती. आम्ही जेवलो म्हणून होत होती.

मी दुकानात शिरले. "मग आमच्याआधी काहून नाही केली?"

मालक गादीवर पान लावत होता. "आधी करून काय फायदा? मंग दोनदा करा लागली असती." आणि बाबांना म्हणाला, "बसा ना जी. चहा मागवू का?"

तो चिडला असता तर मी घोषणा दिली असती. शिवी दिली असती तर पत्रक काढलं असतं. पण तो तर साधा व्यवहार सांगत होता, पानाला चुना लावता लावता!

शेवटचा गंज अजून रिक्षात होता. मी बाबांचा हात धरला आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "धंतोलीले चल."

"अवं पोरी, माझा गंज!" मालक मागून ओरडत राहिला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईच्या सासऱ्यांपुढे मी तो ठेवला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. त्यांनी आत हात घातला, पिवळ्या तळावरून बोटं फिरवली.

"आमच्या सावनेरले बी भाड्याचेच आणतो," ते म्हणाले. "तिथं बी पिवळेच रायते." मग बाबांकडे न बघताच, "तुमची चूक नाही गा."

आत खाटेवर आजी जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. क्षीण आवाजात म्हणाली, "आपण शिवलो म्हून आगीवर धरते का तो?"

"हो, आजी."

"मंग त्याले येवढा तरास काहून द्या? ठेवून घ्या गंज आपल्याचजवळ."

सासरे हसले. बाबा नाही हसले, पण मान वर झाली.

आजीला घरी सोडलं त्या दिवशी ताई तिच्याशेजारी सावनेरच्या एसटीत बसली. गंज वस्तीत राहिला. मालकाचा माणूस तो न्यायला आला, तेव्हा आई दारात आडवी उभी.

"ने ना," ती म्हणाली. "पण याच्यात कढी करते, अशीच, पिवळ्यात. तू जेव, तुझ्या मालकाले बी बलाव. मंग ने."

तो गेला तो परत आला नाही. गंज अजून आमच्याकडे आहे. वस्तीत लग्न ठरलं की चौकात भट्टी लागते, आणि त्याला कल्हई होते. लग्नाच्या आधी.