पुलावरचा लोखंडी मासा

पुलावरून जाताना लोक नदीकडे बघतात आणि म्हणतात, काय पाणी आहे! ताईला याचा रागच यायचा. "अहो, पाणी काय, कोणीही बघेल," ती म्हणायची. "त्याच्या पोटात डोंगर चाललाय, तो बघा की जरा!"

तिची नोकरीच ती होती. नदी किती माती आणि किती वाळू वाहून नेते, ते मोजायचं. पुलाच्या कठड्याला दोराची चरखी, दोराच्या टोकाला माशाच्या आकाराचं जड लोखंडी धूड, आणि त्याच्या पोटात काचेची बाटली. हा मासा एकसारख्या वेगाने खाली सोडायचा, तळाला टेकायच्या आत मागे फिरवायचा आणि तसाच वर घ्यायचा. वाटेतलं पाणी थोडंथोडं बाटलीत शिरतं. मग खोलीत नेऊन ते गाळायचं, उरलेली माती वाळवायची, तोलायची. घरी आली तरी डोक्यात तेच. पेल्याच्या तळाशी चहापत्ती कशी बसते हे बघत बसायची आणि चहा गार! नवरा म्हणायचा, "हिच्यापुढे काही ढवळायची सोय नाही." आई होती तोवर येईल त्याला ऐकवायची, "लोक गाळात जातात, आमची लेक गाळावर जगते!"

धाकटी बहीण नदीच्या मुखाशी राहायची. समुद्राने तिचं अंगण खाल्लं, गोठा खाल्ला, आता लाट स्वयंपाकघराच्या पायरीशी येऊन आपटत होती. कारण सरळ होतं. वर धरण झालं, माती तिथे अडकली, मुखाशी नवी वाळू येईना. आणि समुद्र कशाला थांबतोय?

यंदा धरणाचे तळाचे दरवाजे पहिल्यांदाच उघडणार होते. साठलेला गाळ पुलापर्यंत पोचला, तर दरवर्षी उघडायचे. नाही पोचला, तर फुकट पाणी सोडायचं कशाला म्हणून कायमचे बंद. म्हणजे सगळा निकाल ताईच्या बाटलीत.

धाकटी सकाळीच भलीमोठी बॅग घेऊन पुलावर हजर. "घराला कुलूप घालून आलेय, ताई. आज काही आलं नाही तर मी परत जायची नाही. सांभाळ मला आता." हसत हसतच म्हणाली, पण बॅगेचा पट्टा काही हातातून सोडेना.

वर दरवाजे उघडले, पाणी चढलं. चरखीवर ताईचे नेहमीचे मदतनीस काका होते, दोरावर ताईचा हात. पहिली बाटली वर आली, जवळजवळ नितळ. दुसरीही तशीच.

"पाणी हलकं, ते पुढे पळतं," काका म्हणाले. "गाळ दमानं येतो, बाई."

हे ताईला काय माहीत नव्हतं? पण जीव टांगणीला लागला की माहीत असलेलंही कामाला येत नाही. बहिणीच्या तोंडाकडे बघता बघता तिने काकांना थांबवायला क्षणभर उशीर केला. हाताला बारीकसा हिसका बसला. मासा तळाला टेकला होता. बाटली वर आली ती अर्धी वाळूने भरलेली.

धाकटीने टाळ्याच पिटल्या. "आला! ताई, आला गं!"

"नाही आला."

"अगं, मग ही काय साखर आहे?"

"ही तळाची जुनी वाळू. माशाने खरवडून आणली. माझी चूक." आणि ताईने बाटली कठड्यावरून ओतून दिली.

धाकटीचा पारा चढला. "कोण बघत होतं? काका काही बोलणार होते का? सख्ख्या बहिणीपेक्षा तुझी बाटली मोठी!"

"अगं बये, इथे मी खोटं लिहीन, पण तुझ्या दारात वाळू टाकायला कोण येणार आहे? समुद्र काय माझे आकडे वाचून माघारी फिरतो?"

धाकटी पाठ फिरवून बॅगेवर बसली. ताईला रडू येत होतं. तरी ती बाटल्या भरत राहिली. सगळ्या नितळ.

आधी वास आला. वर्षानुवर्षं बंद असलेल्या तळघराचा, कुजलेल्या पानांचा. मग लांबच्या वळणावर पाणी काळवंडलं, आणि बघता बघता नदी या काठापासून त्या काठापर्यंत काळी झाली. दोरातून सरसर आवाज यायला लागला. असंख्य कण त्याला घासून पुढे चालले होते. काका चरखी फिरवायचंच विसरले.

"फिरवा, काका, फिरवा!"

या वेळी मासा कुठेही टेकला नाही. बाटली वर आली ती शाईसारखी. ताईने ती उजेडात धरली. आत सगळं गरगरत होतं. ताई शाळेत जायच्याही आधी डोंगरावरून निसटलेली माती होती ती, धरणाच्या अंधारात अडकून पडलेली. ती आज उठून चालायला लागली होती. ताईच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर नदी मोजली, पण ती केवढी आहे हे तिला आज कळत होतं.

धाकटी कधी शेजारी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. "ताई, हे तरी खरं ना?"

"खरं. आता दरवर्षी उघडतील. पण ऐक, तुला फसवत नाही. एवढ्याने तुझं अंगण परत येणार नाही. तुझ्या हयातीत पायरीपुढे हातभर जमीन झाली तरी पुष्कळ."

धाकटीने बाटली दोन्ही हातांत घेतली. आतलं हळूहळू खाली बसत होतं. बराच वेळ ती बघत राहिली. मग बाटली ताईला देऊन तिने बॅग उचलली.

"कुठे निघालीस?"

"घरी. आत्ताची गाडी मिळेल ना?"

"अगं, आजच्या दिवस तरी राहा की!"

"नको गं. इतक्या वर्षांनी येतोय तो गाळ. दारात कोणी नको का?"