भट्टीमामांची चाळणी

कुंभारांची भट्टी सांभाळणाऱ्या भट्टीमामांना जगात एकही माणूस पसंत नव्हता. समोर कोणी आलं की तो कसली चाळणी आहे, किती घाण पुढं जाऊ देतो, हे ते ठरवत. तलाठी म्हणजे पिठाची चाळणी, हेडमास्तर रव्याची. आमच्या सोसायटीच्या चेअरमनबद्दल विचारलं तर म्हणत, "त्याच्या चाळणीतून म्हैस जाती, वासरासगट." मी बी.एस्सी. होऊन त्याच सोसायटीचा सचिव झालेला. मला ते चाळण्यांतच धरत नसत. तरी मला हा म्हातारा फार आवडायचा, कारण आमच्या गावात तुच्छतेला पात्र माणसं भरपूर होती आणि ती तुच्छता तोंडावर दाखवणारा तो एकटाच होता.

दुष्काळाची वर्षं होती. टँकरचं पाणी गढूळ यायचं, पोरांना हगवण लागायची. म्हणून घाटनांदूरच्या बाजूला आमच्या गावात कुंभारांची सहकारी सोसायटी निघाली, पाणी गाळायची मडकी करणारी. मातीत लाकडाचा भुसा मिसळायचा, मडकं घडवून भाजायचं. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. पाणी त्यातून पाझरतं, घाण वर राहते. भुसा जाड तर छिद्र मोठं, आणि छिद्र मोठं तर मडकं नुसतं गळकं भांडं. मामांना हे हातांनी कळत होतं, मला पुस्तकातून कळलं होतं. चेअरमनना कळायची गरज नव्हती; ते बिनविरोध निवडून आले होते.

मामा भुसा जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ करून घेत. भाजलेलं प्रत्येक मडकं भरून समोर बसत. तासाला दोन तांब्यांपेक्षा जास्त पाणी खाली आलं की काठीनं फोडत. बायका हळहळायच्या. "रडू नका," मामा म्हणत, "गळकं मडकं फुटलं तर मातीच जाती. टिकलं तर लेकरू जातं."

मग उद्घाटन ठरलं. पुढारी येणार होते आणि चेअरमनना थेंबांची लाज वाटू लागली. "मामा, टिप टिप काय लावलंय? सायबापुढं धार पडली पायजे!" दुष्काळातही कसाबसा चालणारा साखर कारखाना होता. तिथला उसाचा पिळून काढलेला चोथा चेअरमननी भुशाऐवजी मिसळायला ट्रॅक्टरभर आणून टाकला. फुकट होता, आणि आमच्याकडे फुकट आलेल्या वस्तूला कोणी वाईट म्हणत नाही. मामांनी चोथ्याचा एक लांब धागा बोटांत ताणून मला दाखवला. "हे जळलं की मडक्यात बोगदा पडतोय, सायेब. समदी घान बैलगाडीत बसून जाईल." मामांनी भट्टी लावायला नकार दिला आणि घरी गेले. भट्टी मी लावली.

समारंभात धार पडली, टाळ्याही पडल्या. पुढाऱ्यांनी मडक्याचं कौतुक केलं आणि पाणी बाटलीतलं प्यायलं. मडकी गावाबाहेरच्या वस्तीवर वाटायला न्यायला टेम्पोत भरत होते तेवढ्यात मामा काठी घेऊन आले. चार फोडली. "धरा बे त्याला!" चेअरमन ओरडले. कोणी पुढं होईना, तेव्हा मी मामांचा हात धरला. वाळून काटकी झालेला हात होता.

"लई जोर हाय की तुह्यात," मामा म्हणाले. "मंग चेअरमनचा हात कावून न्हाई धरला?"

टेम्पो गेला.

पंधरा दिवसांत वस्तीवर हगवणीची साथ आली आणि एक लेकरू गेलं. तालुक्याहून साहेब चौकशीला आले. चेअरमन हात जोडून म्हणाले, "भट्टी कुंभाराच्या ताब्यात असती, सायेब. आमी अडाणी मानसं, आमाला भुश्यातलं काय कळतंय?" मामा समोरच उकिडवे बसले होते. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही सचिव ना? खरं आहे का हे?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

मामा गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतर झटकलं आणि चालू लागले. चेअरमनची मला आजही किळस येते, स्वतःची त्याहून जास्त. मामा वडवणीकडं लेकीच्या गावी गेले आणि तिथंच वारले. निरोप वेळेवर आला होता, एसटीही होती. मी गेलो नाही.