पाण्याकाठची हजेरी

माझी सारी उमर रंगमंचावर गेली. टाळ्या आता विसरलो, पण विंगेतला अंधार अजून आठवतो. पडदा उघडण्याआधी तिथं कुणीतरी श्वास घेत उभं असतं आणि ते कोण हे दर वेळी कळतंच असं नाही. छबूबाई ओहोळांच्या शिबिरात तो श्वास मला पुन्हा ऐकू आला, तोही मे महिन्याच्या लख्ख उन्हात.

छबूबाई इंदापूरच्या बाजारात पेरू आणि डाळिंबं विकतात. आमच्या नाटक मंडळींचा तळ गावात पडला की फळं त्यांच्याकडचीच. कुणाचा आवाज बसला असेल तर त्या डाळिंबाचं साल उकळून प्यायला लावायच्या आणि रात्री पहिल्या रांगेत बसून औषध लागू पडलं का ते ऐकायच्या. मंडळी मोडली, मी जळोचीला लेकीकडे राहायला आलो, तरी ओळख टिकली. दर उन्हाळ्यात त्या गाळा भाचीवर सोपवतात आणि चर्चच्या शिबिरात दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या मावशी होतात. हे वय ना लहान ना मोठं. ऐकलेली गोष्ट मनात धरायची की सोडून द्यायची, हे याच वयात ठरतं असं त्यांचं म्हणणं.

यंदा त्यांनी मला बोलावलं.

"हरवलेल्या मेंढराचं नाटक बसवायचंय. तुमच्याबिगर कोन हाय मला?"

"तुमच्या चर्चमध्ये मला चालवून घेतील का?"

"हिंदुराव नाव ऐकून पाळकसाहेब जरा चपापले. म्हनलं, सोंगं काढनारा मानूस हाय. जरूर पडली तर हप्ताभर पीटरराव हुईल."

चर्चच्या मागं पत्र्याची शेड होती. ऊन चढलं की पत्रे कडकड वाजायचे. सकाळी पेटी-ढोलकीवर गाणी, मग प्रार्थना, मग प्रश्न. कुठलाही प्रश्न विचारायची मुभा होती. सोमेश्वरनगरचा अविराज, तोंडानं भारी पोरगा, पहिल्याच दिवशी म्हणाला, "मावशी, देव दिसत न्हाय. मग मी हितं बसलोय हे त्याला कसं कळतं?"

"पान्यात उतरल्यावर मासा दिसतो का रं तुला?"

"न्हाय."

"पन तू उतरलायस हे माशाला कळतंच की."

मुलं हसली. मग हळूहळू हसायची थांबली.

या शिबिराची हजेरी न्यारी होती. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही, बायबलमधलं आपलं पाठ केलेलं वचन म्हणायचं. वचन आलं नाही तर मूल समोर बसलेलं असलं तरी गैरहजर. छबूबाईंना सगळी नावं तोंडपाठ. शेवटचं मूल वचन म्हणून खाली बसलं की त्या जराशा थांबायच्या. ओठ हलायचे, आवाज नसायचा. मग दाराकडे बघून 'आमेन' म्हणायच्या. ओठ वाचणं हा नटाचा धंदाच. त्या आणखी एक नाव घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी ते नाव चुकून तोंडातून बाहेर पडलं.

"नकोशी."

आणि मागून वचन आलं. मुलीचा आवाज, थोडा घोगरा, झोपेतून उठल्यासारखा. मेंढपाळाचं स्तोत्र होतं ते, पण उलट्या क्रमानं. हिरव्या कुरणाची ओळ आधी, मेंढपाळाची मागाहून.

सगळ्यांच्या माना वळल्या. मागं गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या होत्या. बाकी काही नव्हतं.

"कुणी खोडी काढली?" पाळकसाहेबांनी विचारलं. कुणीच कबूल झालं नाही. छबूबाई मात्र उठून सतरंज्यांपाशी जाऊन आल्या.

दुपारी मुलं जेवून आडवी झाली, तेव्हा त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

नकोशी त्यांची धाकटी बहीण. मुलीवर मुलगी झाली म्हणून आजीनं तसं नाव ठेवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी तेव्हाचे पाळक नवं नाव देणार होते आणि त्यासाठी छबूबाई तिच्याकडून स्तोत्र पाठ करून घेत होत्या. पोरगी दर वेळी कुरणापासून सुरुवात करायची. दटावलं की म्हणायची, "आधी गवत, मग मेंढपाळ येतो की." धनगरांच्या मेंढ्या बघून मोठी झालेली ती. खोटं काय होतं त्यात? बाप्तिस्म्याच्या आधीच तिला ताप आला आणि ती गेली. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून जुन्या गावच्या कबरस्तानात तिला कुंपणाबाहेर पुरलं. पुढं उजनी धरणाचं पाणी गावावर चढायला लागलं, तेव्हा कुंपणाच्या आतल्या कबरी नव्या जागी हलवल्या. बाहेरचीला कुणी विचारलं नाही. ती पाण्याखाली राहिली.

"पाळकसाहेब म्हनत्यात, देवाच्या घरी कुंपन नसतं. त्ये मला पटतं हिंदुराव, डोक्याला पटतं. पन सगळा जन्म एकच विचारत आले. ती मेंढरांत मोजली गेली का न्हाय. मराच्या आधी तेवढं कळावं. दुसरं काय नको." मग त्या म्हणाल्या, "त्या गवताचं कुनाला सांगू नका. आजवर कुनाला सांगितलं न्हाय."

मी सांगितलं नाही.

नाटकात हरवलेलं मेंढरू व्हायला मोना तयार झाली. ती आमच्या जळोचीची, भेदरट. आठवडाभर तिला एकही वचन म्हणता आलं नव्हतं. नाव पुकारलं की जीभ टाळ्याला चिकटायची आणि ती रोज गैरहजर राहायची. मेंढराला फक्त 'बँ' करायचं होतं. मी म्हणालो, "बेटा, मोठमोठ्या नटांना वाक्य नसलेली भूमिका जमत नाही." ती हसली नाही. म्हणाली, "मला शोधायला कुणी आलंच नाही तर?"

शेवटच्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही जुन्या गावाच्या जागी गेलो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं हटतं आणि गाव वर येतं. चर्चचा चौथरा, दोन पायऱ्या, कबरस्तानाच्या कुंपणाचे दगड. सगळ्यावर वाळलेल्या गाळाची राखाडी साय आणि तिच्यात शिंपल्या रुतलेल्या. वारा नव्हता. पाणी ताणून धरलेल्या पडद्यासारखं उभं होतं.

चौथऱ्यावर नाटक सुरू झालं. एका धनगराकडून मागून आणलेली घोंगडी पांघरून अविराज मेंढपाळ झाला होता. त्यानं मेंढरं मोजली, एक कमी भरलं, त्यानं हाक मारली. पायऱ्यांमागून 'बँ' यायला हवं होतं. आलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. पायऱ्यांमागं कुणी नव्हतंच.

"मोना लघवीला गेली असंल," कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. समोर पाणी होतं.

छबूबाईंनी तिथंच हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक वचन. पोरांचे आवाज कापत होते. मग त्या म्हणाल्या, "मोना." वचन आलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "नकोशी."

कुंपणाच्या पलीकडून कुरणाची ओळ आली. मग मेंढपाळाची. एका आवाजामागं दुसरा असावा, तसं ऐकू येत होतं.

छबूबाई अनवाणी धावल्या. कुंपणाबाहेर एका बिननावाच्या दगडाला टेकून मोना बसली होती. एकटी.

"कुनाशी बोलत हुतीस गं?"

"ही म्हणली, तुझी पाळी आली की मी आधी म्हणते, तू माझ्यामागून म्हण." मोनानं शेजारी बघितलं. "आत्ता होती."

"काय म्हनायला लावलं तिनं?"

आठवडाभर गप्प असलेली ती पोर न अडखळता सगळं म्हणाली. मग घाबरून विचारलं, "उलटं झालं का मावशी? ती म्हणली, आधी गवत, मग मेंढपाळ येतो."

छबूबाई गाळात मटकन बसल्या. त्यांनी दगडावर हात ठेवला, दुसरा मोनाच्या डोक्यावर. बराच वेळ त्या प्रार्थना करत होत्या, पण या वेळी मला ओठ वाचता येईनात. माझेच डोळे भरले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "हजर. दोगी हजर."

अविराजनं कुणी न सांगता घोंगडी काढून मोनाभोवती गुंडाळली आणि तिला खांद्यावर घेऊन चौथऱ्यापर्यंत आणलं. नाटकाचा शेवट मी असाच लिहिला होता, पण आठवडाभर तो पोरगा "मुलीला उचलायला लावता व्हय" म्हणून तक्रार करत होता.

ऊन उतरलं. मुलं टेंपोत चढली. पाळकसाहेब एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजत होते. मधेच थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मी मागच्या फळीवर बसलो होतो. माझ्या आणि मोनाच्या मधे जागा होती, तरी मला अंग चोरून बसावं लागत होतं आणि मांडीला ओला गारवा लागत होता.

"छबूबाई," पाळकसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "एक जास्त भरतंय."

छबूबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "भरू दे. चल बाबा, गाडी काढ."