सलग रेघ

महानंदाअक्कांनी माझ्या हातात पेन्सिल दिली आणि लगेच त्या हातावर रुमाल टाकला.

"आता समोरची चिंच काढ. कागदाकडं बघायचं न्हाई. हाताकडं तर अजिबात न्हाई."

"मग चित्र कसं येईल, अक्का?"

"चित्र कुणी मागितलंय तुला? बघ म्हणून सांगितलंय."

अक्का उदगीरच्या. बागा आणि अंगणं आखायचं शिक्षण पुण्यात घेऊन त्यांनी लातुरात औसा रोडला दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं होतं. कपाळावर विभूती, पायात मातीने कायमचे रंगलेले बूट. मी देगलूरकडचा, आठवीत शाळा सोडलेला. एकविसाव्या वर्षी त्यांच्याकडे खड्डे खणायला आणि जमिनीवर चुन्याने आखणी करायला लागलो. एकदा चुन्याची रेघ मी बाभळीच्या मुळाला वळसा घालून नेली. नकाशात तो वळसा नव्हता. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"मूळ दिसलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"दिसलं की."

"नकाशा काढणाऱ्याला दिसलं न्हाई बघ." नकाशा त्यांनीच काढला होता. दुसऱ्या दिवशी तो रुमाल आला.

मी काढलेली पहिली चिंच म्हणजे काठीवर ठेवलेला ढग होता. अक्का हसल्या. "हे झाड तू शाळेत पाठ केलेलं हाय. समोरचं कुठाय?" मग रोज सकाळी तासभर झाडापुढे नुसतं बसायचं, पेन्सिल खिशात. मला बसवत नसे. गुडघा आपोआप हलू लागे. "पाय का हलवून राहिलास? खाली शिलाई मशीन हाय का?" पुढे त्या म्हणाल्या, फांद्या सोड, फांद्यांमधलं आभाळ काढ. मग भिंतीची सावली दर तासाला आखायला लावली. सहा महिन्यांनी मला टेबल मिळालं. त्या टेबलापाशी मी रोज धास्तावून बसायचो. आपण शिकलेलो नाही हे एक दिवस उघडं पडणार आणि पुन्हा हातात कुदळ येणार, असं वाटत राहायचं.

अक्का गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. मी इंदूरला एका मोठ्या ऑफिसात जागांची पाहणी करतो, आणि फॉर्मवरचा शिक्षणाचा रकाना अजूनही सगळ्यात शेवटी भरतो. पण सांगायचं आहे ते अक्का असतानाच्या नांदेडच्या कामाचं.

मुलींच्या एका वसतिगृहाचं आवार होतं. पाहणीला मी पहिल्यांदाच एकटा गेलो. अक्कांचा एक नियम होता: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सलग रेघेने काढायचं, न पाहिलेलं ठिपक्यांनी. मी पुढचं आवार नीट पाहिलं. मागे गेलो तर दोऱ्यांवर मुलींचे कपडे वाळत होते. टेप घेतलेला बाप्या माणूस तिथे कसा जाणार? रेक्टरबाईंना विचारायचाही धीर झाला नाही. मागची बाजू मी वसतिगृहाच्या जुन्या नकाशावरून उतरवून घेतली. ठिपके दिले असते, तर अक्कांनी विचारलं असतं, का गेला नाहीस? म्हणून सलग रेघ मारून मोकळा झालो.

त्या कागदावर विसंबून अक्कांनी बाग आखली. आम्ही ती दाखवायला गेलो, तेव्हा रेक्टरबाईंनी चष्मा चढवून मागच्या बाजूवर बोट ठेवलं.

"मेंदीचं कुंपण इथं? मग पोरींनी हापशाला कुठून जायचं?"

"हापसा?" अक्का म्हणाल्या.

"मागं हापसा हाय की. नळ गेला की सगळं हॉस्टेल तिथंच."

अक्कांनी माझ्या सलग रेघेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "मी येऊन बघाया पायजे होतं. दुरुस्त करून आणते."

परतताना गाडीत लोहा गाव मागे पडलं तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"अक्का, मी मागं गेलोच नव्हतो. पोरींचे कपडे होते."

"मग ठिपके द्यायचे."

"लाज वाटली."

"कपड्यांची लाज वाटली ते बरं हाय. ठिपक्यांची कसली लाज? माझे नकाशे काढून बघ, अर्धा जिल्हा ठिपक्यांत हाय."

मला वाटलं, टेबल गेलं आपलं. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो, टेबल पुसलं, पेन्सिली त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि कोपऱ्यातली कुदळ उचलून दारात उभा राहिलो.

"कुदळ कशाला?" अक्का आल्या आल्या म्हणाल्या. "आज खड्डे न्हाईत. नांदेडची गाडी धर. रेक्टरबाईंना म्हणावं, दोरीवरचे कपडे जरा काढून घ्या, मला बघायचंय. आणि आधी तासभर बस."

रेक्टरबाईंनी मागच्या कडुलिंबाखाली खुर्ची दिली, वर चहाही पाठवला. मुली बादल्या घेऊन जात-येत होत्या. एक थांबलीच.

"ओ दादा, हापशाचं चित्र काढून राहिले का आमचं?"

"वाटेचं."

"वाट काय काढायची, ती तर हायच!" सगळ्या खिदळल्या.

मी पेन्सिल खिशातच ठेवली. वाट होती, पण एक नव्हती. सकाळी मुली लिंबाच्या उजवीकडून जात. ऊन चढलं तशा डावीकडून, सावली धरून जाऊ लागल्या. दोन्हीकडे माती घासून पांढरी पडली होती. पळत येऊन टेप लावून गेलो असतो, तर एकच वाट हाती लागली असती. संध्याकाळपर्यंत बसलो, दोन्ही वाटा काढल्या.

दुसऱ्या दिवशी अक्कांपुढे कागद ठेवला. त्यांनी त्यावर ट्रेसिंग पेपर पसरला आणि सरळ शाईचं पेन उघडलं.

"अक्का, एकदा तपासा की."

"तू बघितलंस न्हवं?"

"हाव, पण..."

"मग मी काय बघू?"

माझ्या दोन वाटांवरून त्यांचं पेन सलग निघालं. कुंपण सरकलं, वाटा राहिल्या. मला वाटत होतं, अजून एकदा नांदेडला जावं, पुन्हा पाहून यावं.

"बस की आता," अक्का मान वर न करता म्हणाल्या.

"बसवत न्हाई, अक्का."

"मग उभा राहा. पण जरा लांब, बाबा. शाई ओली हाय, त्यात तुझा घाम नको."